उष्ण हवामानात विद्युत मोटारीच्या बॅटरीचे संरक्षण

विद्युत मोटारीच्या बॅटरीचे उष्णतेपासून संरक्षण म्हणजे तिच्यातील लिथियम-आयन घटांचे तापमान हितकर मर्यादेत राहावे यासाठी गाडीच्या रचनेत केलेली योजना आणि गाडी वापरणाऱ्याने पाळावयाची पथ्ये. या घटांना साधारणतः १५ ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवते. थंडीमुळे बॅटरीची क्षमता कमी झालेली दिसते, पण घट पुन्हा उबदार झाले की त्यातील बहुतेक क्षमता परत मिळते. उष्णतेने होणारी झीज मात्र कायमची असते. बॅटरी हा विद्युत मोटारीचा सर्वांत महाग भाग असल्यामुळे उष्ण प्रदेशांत या विषयाला विशेष महत्त्व आहे.

संज्ञा

मराठीत ‘बॅटरी’ हा शब्द फार काळ हातातल्या विजेरीसाठी आणि तिच्यात घालावयाच्या सेलसाठीही वापरला जात आहे. विद्युत मोटारीच्या संदर्भात मात्र ‘घट’ आणि ‘बॅटरी’ यांत भेद करणे आवश्यक ठरते. एकेक सुटा घट सुमारे साडेतीन व्होल्टचा असतो. असे शेकडो, काही गाड्यांत हजारो, घट जोडून व पेटीत बंद करून जो संच होतो, ती गाडीची बॅटरी. ही पेटी बहुधा गाडीच्या तळाशी, प्रवाशांच्या पायांखाली बसवलेली असते. तिच्यातील एखादाच घट इतरांपेक्षा अधिक तापत राहिला, तर तो लवकर झिजतो आणि संपूर्ण संचाची कार्यक्षमता खाली ओढतो. म्हणूनच शीतकरणाच्या योजनेत सरासरी तापमानाइतकाच घटाघटांतील तापमानाचा फरक कमी राखण्याला अर्थ आहे.

उष्णतेमुळे होणारी झीज

सोनी या जपानी कंपनीने १९९१ साली लिथियम-आयन घट बाजारात आणला. या घटांच्या विकासासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. घट प्रभारित होताना लिथियमचे आयन द्रवरूप अपघटनीतून प्रवास करून ग्राफाइटच्या ऋण अग्रात शिरतात आणि वापराच्या वेळी उलट दिशेने परततात. ग्राफाइट आणि अपघटनी यांच्या सीमेवर पहिल्या प्रभारणाच्या वेळीच एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर आवश्यक असतो, कारण तो अपघटनीचे पुढील विघटन रोखून धरतो. परंतु तो पुढेही अगदी सावकाश वाढत राहतो आणि प्रत्येक वाढीत थोडे लिथियम कायमचे अडकून पडते. अडकलेले लिथियम विजेच्या साठवणुकीत भाग घेत नाही. गाडीचा पल्ला घटतो तो यामुळे.

या थराची वाढ ही रासायनिक अभिक्रिया आहे, आणि तापमान १० अंशांनी वाढले की अभिक्रियेचा वेग सुमारे दुप्पट होतो हा रसायनशास्त्रातील स्थूल नियम येथेही मार्गदर्शक ठरतो. २५ अंशांवर असलेली बॅटरी आणि ४५ अंशांवर असलेली बॅटरी यांच्या झिजण्याच्या वेगात त्यामुळे सुमारे चौपट फरक पडू शकतो. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे: ही झीज गाडी उभी असतानाही चालूच असते. शिवाय घट जितका अधिक भरलेला, तितकी ही अभिक्रिया जोमदार. पूर्ण भरलेली गाडी उन्हात आठवडाभर उभी ठेवणे हे म्हणूनच बॅटरीच्या दृष्टीने सर्वांत वाईट; रोज नेमाने धावणाऱ्या गाडीपेक्षा अशी गाडी अधिक झिजू शकते.

ॲरिझोनातील निस्सान लीफ

या प्रश्नाची व्यापक चर्चा प्रथम घडवून आणली ती अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील ग्राहकांनी. निस्सान कंपनीची लीफ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये विक्रीस आली. तिच्या २४ किलोवॉट-तास क्षमतेच्या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची व्यवस्था नव्हती. आतली उष्णता पेटीच्या पृष्ठभागातून आपोआप बाहेर पडेल असे गृहीत धरलेले होते. त्याच महिन्यात आलेल्या शेवरोले व्होल्ट या गाडीत मात्र द्रवशीतित बॅटरी होती. फिनिक्स शहरात उन्हाळ्यात पारा दिवसेंदिवस ४० अंशांच्या वर असतो. २०१२ च्या उन्हाळ्यात तेथील लीफ वापरणाऱ्यांना आपल्या गाडीच्या क्षमता-दर्शकावरील १२ पट्ट्यांपैकी एक, दोन, क्वचित त्याहून अधिक पट्ट्या नाहीशा झालेल्या आढळल्या. गाड्या अवघ्या वर्ष-दीड वर्षाच्या होत्या. ग्राहकांनी एकत्र येऊन आपापल्या गाड्यांच्या पल्ल्याची चाचणी घेतली आणि प्रकरण न्यायालयातही गेले.

अखेर कंपनीने क्षमतेची हमी जाहीर केली: ५ वर्षे किंवा ६०,००० मैल (सुमारे ९६,००० किलोमीटर) यांच्या आत दर्शकावर ९ पट्ट्यांहून कमी उरल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून देण्याची. पुढे उष्णता अधिक सोसणारी रासायनिक रचनाही तिने वापरात आणली. बॅटरी बिघडणे आणि बॅटरी झिजणे या दोन वेगळ्या गोष्टी असून हमीपत्रात दोहोंचा स्वतंत्र उल्लेख हवा, ही जाणीव ग्राहकांत रुजली ती मुख्यतः या प्रकरणामुळे.

शीतकरणाच्या पद्धती

सर्वांत साध्या पद्धतीत बॅटरीची उष्णता तिच्या धातूच्या आवरणातून हवेत जाते. बहुसंख्य विद्युत दुचाकींत आजही हीच पद्धत आहे. दुसऱ्या पद्धतीत पंख्याने हवा खेळवली जाते. परंतु बाहेरची हवाच ४५ अंशांची असेल, तर तिच्या आधारे बॅटरी ४५ अंशांच्या खाली आणता येणार नाही हे उघड आहे.

म्हणून बहुतेक नव्या मोटारींत द्रवशीतन असते. घटांच्या खालून किंवा मधून जाणाऱ्या पट्टिकांत पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण फिरते. साध्या परिस्थितीत ते पुढच्या रेडिएटरमध्ये थंड होते; उन्हाळ्यात ते गाडीच्या वातानुकूलन यंत्रणेशी जोडलेल्या उष्णता-विनिमयकातून नेले जाते आणि बाहेरच्या हवेपेक्षाही थंड होऊन परतते. बॅटरी नियंत्रण प्रणाली हे सर्व संवेदकांच्या आधारे ठरवते. तापमान फार वाढल्यास ती प्रभारणाचा वेग आणि मोटारीला मिळणारी शक्ती दोन्ही कमी करते. चालकाला हा बिघाड वाटतो. वस्तुतः तो बचाव असतो.

शीतकरण का लागते हे एका स्थूल हिशेबाने समजते. बॅटरीचे वजन २५० किलोग्रॅम धरले, तर तिचे तापमान एक अंशाने वाढवण्यास सुमारे २५० किलोज्यूल उष्णता लागते. ५० किलोवॉटच्या जलद प्रभारकावर गाडी अर्धा तास लावली आणि त्यातील ५ टक्के ऊर्जा उष्णतेत गेली असे मानले, तर सुमारे ४,५०० किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ती बाहेर न काढल्यास बॅटरी १८ अंशांनी तापेल; म्हणजे ४० अंशांवर आलेली बॅटरी ५८ अंशांवर जाईल. याच वजनदारपणामुळे तापलेली बॅटरी थंड होण्यासही तासन् तास लागतात.

भारतातील परिस्थिती

राजस्थानातील फलोदी येथे १९ मे २०१६ रोजी ५१ अंश तापमानाची नोंद झाली. विदर्भात चंद्रपूर, नागपूर, अकोला येथे आणि खानदेशात जळगाव येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवलाचे नाही. हवामान खात्याचे हे आकडे जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर, सावलीच्या पेटीत मोजलेले असतात. उन्हातल्या डांबराचा पृष्ठभाग मात्र ६० अंशांच्या पुढे जातो, आणि मोटारीची बॅटरी त्या डांबरापासून वीतभर उंचीवर असते. नवतपाच्या दिवसांत रात्रीचे तापमानही ३० अंशांच्या खाली सहज उतरत नाही, त्यामुळे बॅटरीला निवण्याची उसंत मिळत नाही.

भारतातील विद्युत वाहनांच्या बॅटऱ्यांसाठी लागू असलेली एआयएस-१५६ (दुचाकी व तीनचाकी) आणि एआयएस-०३८ (मोटारी व मालवाहू वाहने) ही मानके पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेकडून प्रकाशित होतात. २०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये देशात विद्युत दुचाकींना आगी लागल्याच्या घटना घडल्यानंतर या मानकांत सुधारणा करण्यात आली आणि ती १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ पासून अशा दोन टप्प्यांत लागू झाली.

घटाच्या धन अग्राचे रसायनही महत्त्वाचे आहे. भारतातील अनेक मोटारींत लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारचे घट असतात. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकाराच्या तुलनेत ते त्याच वजनात कमी वीज साठवतात, पण उष्णतेत अधिक स्थिर राहतात.

वापरातील काळजी

सर्वांत परिणामकारक उपाय सर्वांत जुना आहे: सावली. झाडाखाली, छपराखाली किंवा तळघरात उभी केलेली गाडी बॅटरीच्या आयुष्यात भर घालते. दुपारी लांबचा प्रवास संपवून आल्याबरोबर प्रभारण सुरू करण्यापेक्षा ते उत्तररात्री किंवा पहाटे करणे चांगले. बहुतेक मोटारींत त्यासाठी वेळ ठरवून देण्याची सोय असते. द्रवशीतित मोटार मात्र उन्हाळ्यात शक्य असेल तेव्हा प्रभारकाला जोडून ठेवावी. निघण्यापूर्वी ती जोडलेली असतानाच आतील हवा थंड करून घेतली, तर त्याचा भार बॅटरीवर पडत नाही.

रोजच्या वापरात ८० टक्क्यांपर्यंतच भरण्याचा सल्ला निकेलयुक्त घटांसाठी दिला जातो. लिथियम आयर्न फॉस्फेट घटांच्या बाबतीत अनेक उत्पादक उलट सल्ला देतात: प्रणालीला शिल्लक विजेचा अंदाज नीट यावा म्हणून ठरावीक काळाने गाडी पूर्ण भरावी. हे परस्परविरोधी वाटले तरी दोन्ही बरोबर आहेत. आपल्या गाडीत कोणते घट आहेत हे माहितीपुस्तिकेत पाहणे एवढाच त्यावर उपाय. पूर्ण भरायचीच असेल, तर निघण्याच्या थोडे आधी भरून होईल असे पाहावे. सुट्टीत गाडी महिनाभर उभी राहणार असल्यास ती निम्मी भरलेली ठेवावी.

वातानुकूलन वापरल्याने बॅटरी खराब होते हा समज चुकीचा आहे. त्याने पल्ला घटतो इतकेच, आणि तोही तासाच्या हिशेबाने: तासाला सुमारे एक ते दोन युनिट. म्हणून मोकळ्या रस्त्यावर त्याचा परिणाम किरकोळ, तर वाहतूक कोंडीत ठळक दिसतो. गरम बॅटरीवर ओले फडके टाकणे किंवा पाणी ओतणे मात्र निरुपयोगी आणि धोक्याचे आहे.

दुचाकीची काढता येण्याजोगी बॅटरी प्रवासानंतर अर्धा-पाऊण तास निवू द्यावी, मग कंपनीच्याच प्रभारकाने, हवेशीर जागी, अंथरूण-पडद्यांपासून दूर ती प्रभारित करावी. घराच्या बाहेर पडण्याच्या एकमेव वाटेवर ती कधीही लावू नये.

आगीचा धोका

उन्हाळ्याच्या केवळ हवेने बॅटरी पेटत नाही. आगीसाठी बहुधा सदोष घट, अपघाती आघात, पाणी शिरणे किंवा अयोग्य प्रभारक यांपैकी काही कारण असावे लागते. उष्णता त्या दोषाला हात देते. घटाच्या आतील तापमान ८० ते १२० अंशांच्या दरम्यान गेले की संरक्षक थर मोडू लागतो, सुमारे १३० अंशांवर दोन अग्रांमधील पॉलिथिलीनचा पडदा वितळतो, आणि त्यापुढे घट स्वतःच स्वतःला तापवत जातो. शेजारचे घट मग एकापाठोपाठ एक पेटतात. बॅटरी फुगणे, उग्र गोडसर वास, फुसफुस आवाज किंवा पांढरा धूर ही पूर्वलक्षणे होत. अशा वेळी वाहनापासून दूर जाऊन अग्निशमन दलाला कळवावे. या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी वायू असतात. विझलेली वाटणारी बॅटरी काही तासांनी, क्वचित काही दिवसांनी, पुन्हा पेटू शकते. त्यामुळे असे वाहन इतर वाहनांपासून व इमारतींपासून दूर, उघड्यावर ठेवले जाते.