खिळ्यापासून सारख्या अंतरावर

चित्रपटगृहात पडद्यावर पाऊस सुरू झाला की तो आपल्या पाठीमागेही पडतो, याची शहरातील प्रेक्षकाला आता इतकी सवय झाली आहे की त्याविषयी कोणी चकार शब्द काढीत नाही. परंतु तो पाऊस पुढे किती पडावा आणि मागे किती, हे कोणी तरी एका बंद खोलीत बसून मुक्रर केलेले असते, आणि ज्या स्पीकरांवर ऐकून ते मुक्रर होते तेच जर खोटे असतील तर पुढचा सारा निवाडाच खोटा, हा विचार माझ्या मनात घर करून बसला होता. म्हणून अंधेरीतील एका लहानशा स्टुडिओत नवी ५.१ यंत्रणा बसविली जात असल्याचे कळताच मी परवानगी काढून तेथे गेलो.

खोलीत ताज्या प्लायवुडचा आणि वितळलेल्या सोल्डरचा वास कोंदला होता. ध्वनिमिश्रण करणाऱ्याचे डोके जेथे येणार, त्या बिंदूच्या बरोबर खाली साठीच्या घरातील मिस्त्रीकाकांनी एक पितळी खिळा ठोकला होता, आणि त्याला बांधलेले सूत ते एकेका स्पीकरच्या ओळंब्यापर्यंत ताणून पाहात होते. समोर मध्यभागी एक, त्याच्या दोन्ही बाजूंना ३० अंशांवर दोन आणि मागच्या अंगाला ११० अंशांवर दोन, असे पाच स्पीकर एकाच वर्तुळावर बसवावयाचे, हा यातला दस्तूर. कारण ध्वनीला एक मीटर तोडण्यास सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, आणि एखादा स्पीकर जवळ राहिला तर त्याचा आवाज इतरांच्या आधी कानावर येऊन लक्ष आपल्याकडे ओढून घेतो. उजवीकडे नेमक्या ११० अंशांवर दरवाजा आडवा आला. आंतरराष्ट्रीय शिफारशीत १०० ते १२० अंशांची मुभा असल्याने ध्वनियोजना पाहणाऱ्या ताईंनी उजवा स्पीकर ११५ वर नेण्यास सांगितले. काकांनी न विचारताच डावाही ११५ वर नेला. केबल ओढणे, त्यांना चिठ्ठ्या लावणे, जोडण्या करणे ही कामे दुपारपर्यंत आटोपली.

त्यानंतर जे पाहिले ते आजही डोळ्यांपुढून हलत नाही. ‘५.१’मधला तो दशमांश म्हणजे केवळ १२० हर्ट्झपर्यंतच्या खर्जासाठी राखलेली वाहिनी. लहान खोलीत खर्जाच्या लाटा भिंतींवर आपटून कोठे साचतात, तर कोठे परस्परांना खाऊन टाकतात, त्यामुळे सबवूफरची जागा नुसत्या गणिताने हाती लागत नाही. ताईंनी तो जड खोका चक्क श्रोत्याच्या खुर्चीत ठेवविला, त्यातून खर्जाचे स्वर सोडले, आणि काका समोरच्या भिंतीलगत गुडघ्यांवर रांगत, कान जमिनीपासून वीतभर उंचीवर धरून, हळूहळू पुढे सरकू लागले. जेथे सर्व स्वर सारख्याच भरीवपणाने ऐकू येतील, तेथेच सबवूफर ठेवावा. खुर्ची आणि तो बिंदू यांची अदलाबदल केली तरी ऐकू येणारे तेच राहते. एके ठिकाणी ते थांबले, हातभर मागे आले, पुन्हा थांबले आणि खडूने फुली मारली. ताईंनी तेथे मायक्रोफोन धरून आलेख पाहिला. फुली जागची हलवावी लागली नाही.

पातळी लावण्याचे काम पिंक नॉइजवर चालते. या ध्वनीत प्रत्येक सप्तकाच्या वाट्याला समान शक्ती आलेली असते. ताई म्हणाल्या, “मोठ्या थिएटरात समोरचा प्रत्येक स्पीकर ८५ डेसिबलला लावतात.” हा ८५चा आकडा त्या दिवशी मी वारंवार ऐकला. सरकारी शिक्का मारलेले माप बाजारपेठेत जे काम करते, तेच काम हा आकडा या धंद्यात करतो: मुंबईत मिसळलेला संवाद अन्यत्र त्याच उंचीने ऐकू यावा. मात्र लहान खोलीत ८५ कानांना सोसत नाही, म्हणून येथे ७९ धरले. आवाजाच्या बटणावर त्या जागी पांढऱ्या पट्टीची खूण केली, आणि मिश्रण चालू असता ते त्या खुणेवरून हलवावयाचे नाही, अशी सक्त ताकीद मदतनिसाला मिळाली.

मीटरवर पाचही स्पीकर ७९ दाखवीत होते. तथापि पुढचा डावा आणि मागचा डावा एकत्र वाजताच काकांनी मान हलविली. “ताई, या जोडीचं पोट गेलंय. तारा उलट्या लागल्यात कुठंतरी.” मागच्या स्पीकरचा कनेक्टर उघडला, तो दुसऱ्या आणि तिसऱ्या पिनेच्या तारांची खरोखरच अदलाबदल झालेली होती. एक पडदा पुढे येत असता दुसरा मागे जात होता आणि दोघे मिळून एकमेकांचा खर्ज पुसून टाकीत होते. स्वतंत्रपणे मोजले असता दोन्ही निर्दोष! हा दोष तसाच राहता, तर त्या खोलीत बसणारा प्रत्येक जण नसलेली उणीव भरून काढण्यासाठी चित्रपटामागून चित्रपटात फाजील खर्ज ओतीत राहिला असता. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत चहा देणाऱ्यापर्यंत सर्वांची नावे येतात, आणि ती यावीतच. पण ज्याने ती खोली खरी केली त्याचे नाव कोठेही येत नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

अखेरीस ताईंनी प्रत्येक वाहिनीचे अंतर, कोन आणि पातळी नोंदवहीत उतरविली. काका हात पुसत वहीत डोकावले. “खुर्चीची जागा राहिली,” ते म्हणाले. “झाडणारा पोरगा रोज सरकवणार ती.” ताईंनी पानाच्या माथ्यावर, सगळ्या आकड्यांच्या वर, खिळ्याचे दोन्ही भिंतींपासूनचे अंतर लिहिले.