जालन्याचे बेथेल : बांधावरची मंडळी

जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती आहे. नाव ऐकून नवखा माणूस जरा थबकतो. हा शब्द बायबलातला, अर्थ ‘देवाचे घर’. ही वस्ती वसवली ती रेव्ह. नारायण शेषाद्री या मराठी माणसाने.

नारायणराव जन्माने ब्राह्मण. १८४३ साली मुंबईस स्कॉटिश मिशनमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर तुटले. धाकटा भाऊ श्रीपत अजून अजाण होता, तोही मिशनऱ्यांकडे जाऊन राहिला. वडील कोर्टात गेले, कोर्टाने मुलगा परत दिला. पण त्याला पुन्हा पंक्तीला घ्यायचे की नाही, यावरून मोठे वादळ उठले. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर त्याला जातीत घ्यावे म्हणून उभे राहिले, तर सनातनी त्यांच्यावरच उलटले.

पुढे १८६३च्या सुमारास नारायणराव जालन्यास आले. हा मुलूख तेव्हा निजामाचा. त्यांच्याकडे अधिक ओढले गेले ते मातंग समाजाचे लोक. आपल्या नाड्या-कासऱ्यांसाठी आपण ज्यांच्या दारी जायचो, तेच हे. दोर वळावा, केरसुण्या बांधाव्यात, हलगी वाजवावी आणि सुगीला खळ्यावर उभे राहावे. जे पदरात पडेल ते खरे. असल्या घराने धर्म बदलला आणि गाव रुसले, तर खळ्यावरचा वाटाही गेला. नुसत्या प्रार्थनेने चूल पेटत नाही, हे नारायणरावांनी ओळखले.

म्हणून त्यांनी हैदराबादचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडे जमीन मागितली. दिवाण मुसलमान, मागणारा ख्रिस्ती, कसणारे गावकुसाबाहेरचे! तरी जमीन मिळाली, तीही पहिली काही वर्षे सारामाफीने. तिथे बेथेल वसले. देऊळ तर झालेच, पण ज्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या बैलांचे कासरे वळले, त्यांच्या हाती आता स्वतःच्या बैलांचे कासरे आले.

कोणी म्हणेल, ही माणसे जमिनीसाठी आली. काही आलीही असतील. ज्याच्या सात पिढ्यांना बांध ठाऊक नव्हता, त्याला जमीन नको वाटली असती तरच नवल! आपणही वीतभर बांधासाठी भावाशी तंडतोच की.

१८७३ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या ख्रिस्ती परिषदेत नारायणरावांनी भाषण केले. तिथेही डोक्यावर पागोटे होते. नंतर तीनच वर्षांत दख्खनला मोठ्या दुष्काळाने गाठले. १८७६ ते १८७८ हा तो काळ. कोरडवाहू शेती म्हणजे काय, हे नव्या शेतकऱ्यांना कोणी शिकवायला नकोच होते.

नारायणराव १८९१ साली समुद्रप्रवासात, बोटीवरच वारले. बेथेल त्यांना पुन्हा दिसले नाही.