दुधाची फॅट आणि पातळ मीठ

जेऊरहून एका वाचकाने विचारलं आहे : डेअरीवर दूध घातलं की मशीनवर फॅट कळते, पण ती दुधाचीच की पामतेल मिसळलेली, हे कसं ओळखतात?

प्रश्न अगदी नेमका आहे. मशीन फॅट किती ते सांगतं, कसली ते नाही. दुधाच्या फॅटमध्ये 400 च्या आसपास मेदाम्लं असतात. त्यातलं चार कार्बनचं ब्युटिरिक आम्ल गाईम्हशींच्या दुधाची खूणच. खवट तुपाच्या वासात त्याचा मोठा वाटा असतो. पामतेलात ते नसतंच.

ही आम्लं सुटी करायला गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. पाव मिलिमीटर पोकळीची, कधी 100 मीटर लांब नळी वेटोळं करून तापवायची. आम्लांचे मिथाइल एस्टर करून ते वायूबरोबर नळीतून सोडायचे. आतल्या लेपात जो जास्त रेंगाळतो, तो उशिरा बाहेर पडतो. लेप मात्र दोनशे अंशांवरही उडून जाता कामा नये. 1999 मध्ये डॅनियल आर्मस्ट्राँग यांच्या गटाने या कामी आयनिक द्रव वापरून दाखवला.

आयनिक द्रव म्हणजे पातळ मीठ! आपलं मीठ वितळायला 801 अंश लागतात, कारण त्याचे गोल आयन विटांसारखे घट्ट रचले जातात. आयन मोठे, वेडेवाकडे असले की बाभळीच्या फांद्यांसारखी त्यांची मोळीच बसत नाही. क्षार पातळच राहतो. बाष्प जवळजवळ नाही.

या शोधाचं श्रेय पॉल वाल्डेन यांच्या 1914 च्या क्षाराला देतात. तो 12 अंशांना वितळतो. पण 1911 मध्येच कोलकात्यात प्रफुल्लचंद्र रे आणि जितेंद्रनाथ रक्षित यांनी इथाइल अमोनियम नायट्राइट बनवून प्रसिद्ध केलं होतं. ते टिकाऊ नव्हतं, हे खरं. तरीही या इतिहासात रे यांचं नाव वाल्डेन यांच्या आधी यायला हवं, असं मला ठामपणे वाटतं.

या द्रवांना सरसकट ‘हरित’ म्हणणंही मला पटत नाही. हवेत उडत नाहीत म्हणून ते निरुपद्रवी ठरत नाहीत; त्यांतले काही पाण्यातल्या जिवांना घातक आहेत. नळीतल्या लेपाला मात्र ते अगदी थोडे पुरतात. तिथे त्यांचा विद्युतभार मेदाम्लांतले दुहेरी बंध ओढून धरतो. त्यामुळे ओलेइक आणि गुरांच्या पोटातले जिवाणू बनवतात ते व्हॅक्सेनिक, ही सारख्याच वजनाची आम्लंही वेगळी पडतात.

आता तुमचं पामतेल. आलेखाच्या सुरुवातीलाच ब्युटिरिकचं छोटं टोक येतं. भेसळ वाढली की ते खुजं होतं. चारा, हंगाम आणि जनावराची जात यांनीही ते थोडं हलतं, म्हणून निकाल देताना पुढची टोकंही तपासतात.