निदान तासाभरात, विलंब घरात

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम भरात आला की हवाही पिवळसर भासते. पोती उचलणारा हमाल खोकला, तर त्याचे कोणाला विशेष वाटत नाही. ‘हळदीची धूळ’ एवढे कारण पुरते. पुष्कळदा ते खरेही असते. परंतु तो खोकला दोन आठवडे टिकला, सोबत संध्याकाळचा बारीक ताप आला आणि वजन घटू लागले, तर क्षयाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण आपल्या देशात आहेत.

सातारा-सांगलीला हा रोग नवा नाही. १९१२ मध्ये डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी पाचगणीजवळ ‘बेल एअर’ हे आरोग्यधाम स्थापन केले. सांगली-मिरजेच्या दरम्यान वानलेसवाडी येथेही क्षयरुग्णालय उभे राहिले. प्रभावी औषधे नव्हती तेव्हा शुद्ध हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच आधार होता, आणि रुग्णाला महिनोन्‌महिने घरापासून दूर राहावे लागे. पुढे औषधे आली. घरी राहून घेतलेले उपचारही आरोग्यधामातील उपचारांइतकेच गुणकारी ठरतात, हे मद्रासमधील अभ्यासाने १९५९ मध्ये दाखवून दिले. त्या निष्कर्षाने साऱ्या जगाची उपचारपद्धती बदलली.

निदान मात्र मागेच राहिले. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यासाठी एक मिलिलीटर बेडक्यात ते हजारोंच्या संख्येने असावे लागतात. प्रारंभीचा रोग त्यामुळे निसटतो. परदेशी बनावटीची अचूक यंत्रे आली, पण त्यांना अखंड वीज आणि थंड खोली हवी. ही अडचण गोव्याच्या ‘मोलबायो’ कंपनीच्या ‘ट्रूनॅट’ यंत्राने दूर केली. बेडक्यातून जंतूचा डीएनए वेगळा करून तो एका लहानशा चिपवर तपासला जातो. यंत्र बॅटरीवर चालते, आणि साधारण तासाभरात निदान होते. आणखी एका तासात रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध लागू पडेल की नाही, तेही कळते. २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या चाचणीस मान्यता दिली. माण-खटाव किंवा जत-आटपाडीसारख्या दूरच्या भागांसाठी असेच साधन हवे होते.

तथापि, यंत्रापर्यंत माणूस पोहोचला तरच त्याचा उपयोग. हमाल रोजगार जाईल म्हणून गप्प राहतो. आपल्या घरांतही लेकीच्या सोयरिकीत विघ्न येईल, दुकानावर गिऱ्हाईक कुजबुजेल, या धास्तीने खोकला झाकला जातो. या काळात रोग बळावतो आणि घरातील मुलांपर्यंत पोहोचतो.

वस्तुतः औषधांना दाद देणारा क्षय साधारणपणे सहा महिन्यांच्या उपचारांनी बरा होतो. औषधे सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात, आणि ती नियमित सुरू झाल्यावर संसर्गाचा धोका झपाट्याने घटतो. बरे वाटू लागताच गोळ्या सोडणे मात्र घातक आहे. पोषणासाठी शासन दरमहा १,००० रुपये देते. रुग्णाच्या कुटुंबीयांना पूरक आहार दिल्यास त्यांच्यातील नव्या क्षयाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटते, असे झारखंडमधील अभ्यासात २०२३ मध्ये दिसून आले.

म्हणून पेढीवरच्या माणसाचा खोकला थांबत नसेल, तर त्याला अर्ध्या दिवसाची पगारी सुटी देऊन तपासणीस पाठवावे. रोग निघालाच, तर त्याची जागा राखून ठेवू, असा शब्द द्यावा. ‘निक्षय मित्र’ होऊन त्याच्या घरी सहा महिने धान्य पोहोचवणेही शक्य आहे. आणि खोकला आपल्याच घरातला असेल, तर तो सर्वांत आधी डॉक्टरांच्या कानी घालावा.