ताणतणाव, योगाभ्यास आणि आपण

योगाचा विषय निघाला की आपल्या विहारात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, 'हे आपले आहे काय?' आणि दुसरा, 'डोळे मिटून बसल्याने पोटापाण्याचे प्रश्न सुटतात काय?' दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांना बगल देऊन योगाचे गोडवे गाणारे लेख वर्तमानपत्रांतून भरपूर येतात. २०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन साजरा होऊ लागल्यावर तर त्यांना तोटाच राहिलेला नाही. आम्ही त्या वाटेने न जाता आधी ताण म्हणजे काय हे समजून घेऊ.

१९३६ साली कॅनडात संशोधन करणारे हान्स सेल्ये यांनी उंदरांवरील प्रयोगांतून असे दाखवले की, थंडी असो, जखम असो वा विष असो, शरीराचा प्रतिसाद बराचसा एकाच साच्याचा असतो. मनुष्यप्राण्याचेही तसेच आहे. समोर वाघ आला तर हृदयाची धडधड वाढते, श्वास उथळ आणि जलद होतो, स्नायू ताठतात, पचन मंदावते. पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी ही निसर्गानेच केलेली तयारी आहे. अडचण एवढीच की शरीराला वाघ आणि साहेब यांतला फरक नीटसा कळत नाही. आम्ही काउंटरवर बसणारी माणसे हे रोज अनुभवतो. दिवसअखेर रोकड जुळली नाही, शंभराच्या दोन नोटा कमी भरल्या, तरी तळहाताला घाम फुटतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा तर रांगेतले आणि रांगेपलीकडचे असे सगळेच कित्येक आठवडे त्या अवस्थेत होते. वाघ निघून जातो. पण हप्ते, बदली, मुलीचे लग्न आणि स्पर्धा परीक्षा निघून जात नाहीत. शरीराची ती तयारी महिनोन्‌महिने चालूच राहते आणि मग झोप उडणे, पित्त, मानदुखी, रक्तदाब, घरात उगाच होणारी चिडचिड हे सारे ओळीने येते.

ही तयारी करणारी चेतासंस्था आपल्या हुकमात नसते. हृदयाला 'हळू चाल' असे सांगून ते ऐकत नाही, जठरही ऐकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि मनात आणले तर आपल्या इच्छेनेही चालतो. योगाचे सारे मर्म येथे आहे, असे आम्हास वाटते. विश्रांत अवस्थेत प्रौढ माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो. हाच वेग सावकाश सहा-सातवर आणला आणि विशेषतः उच्छ्वास लांबवला, तर मेंदूपासून हृदय व पोटापर्यंत जाणारी व्हेगस नावाची मज्जा शरीराला 'आता धोका नाही' असा निरोप पोहोचवते. हृदयाची गती उतरते. यात चमत्कार काही नाही. आसनांचे काम थोडे वेगळे आहे. दिवसभर लेजरवर, आणि आता संगणकावर, वाकलेल्या माणसाचे खांदे कानाशी आलेले असतात आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. स्नायू ताणून मग सैल सोडले की तो पत्ता लागतो. शवासन हे पाहायला सर्वांत सोपे आणि करायला सर्वांत अवघड आसन आहे, हे ज्यांनी केले त्यांना ठाऊक आहे.

या गोष्टी केवळ श्रद्धेवर सोडलेल्या नाहीत. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि क्ष-किरण व रक्तदाबमापक वापरून यौगिक क्रियांचे परिणाम तपासण्यास सुरुवात केली. अमेरिकेत जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम सुरू केला. त्यात बौद्ध परंपरेतील सजगता आणि साधी योगासने एकत्र घेतली होती. अशा ध्यानकार्यक्रमांवरील अनेक चाचण्यांचा २०१४ मध्ये एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा चिंता आणि उदासीनता यांत मध्यम स्वरूपाचा लाभ दिसून आला. मध्यम, हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा. सर्व रोगांवर एकच उपाय सांगणारा मनुष्य भेटला तर त्याच्यापासून दोन हात दूर राहावे.

आता 'हे आपले आहे काय' या प्रश्नाकडे वळू. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम आळार कालाम आणि उद्दक रामपुत्त यांच्याकडे ध्यानमार्ग शिकले, हे बाबासाहेबांनीही 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात विस्ताराने मांडले आहे. ते शिकले, पारखले, आणि जे अपुरे वाटले त्याच्या पुढे गेले. मज्झिम निकायातील आनापानसति सुत्तात श्वासाकडे लक्ष देण्याच्या सोळा पायऱ्या सांगितल्या आहेत. पतंजलींची योगसूत्रे बुद्धानंतरच्या काळातील आहेत, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्यांत मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा या चार भावना आलेल्या पाहिल्या की आपल्याला घरचीच माणसे भेटल्यासारखे वाटते. जवळपास दोनशे सूत्रांपैकी आसनांवर जेमतेम तीन आहेत. आज 'योगा' म्हणून जे शिकवतात त्यातले पुष्कळसे हठयोगाच्या मध्ययुगीन ग्रंथांतून आणि विसाव्या शतकातील व्यायामशाळांतून आलेले आहे. तेव्हा मंत्र किंवा देवतेचे नाव नको असेल त्याने ते खुशाल वगळावे. पाठीचा कणा कोणत्याही धर्माचा नसतो. (जाता जाता, अष्टांगिक मार्गातील 'सम्यक व्यायाम' म्हणजे जोर-बैठका नव्हेत, सम्यक प्रयत्न, ही गल्लत आमच्या तरुण मित्रांकडून नेहमी होते.)

बैठ्या नोकरीतल्या आपल्या सभासदांना सयाजी ऊ बा खिन यांचे उदाहरण जवळचे वाटेल. ब्रह्मदेशात हिशेब खात्यात कारकून म्हणून लागलेला हा गृहस्थ १९४८ मध्ये स्वतंत्र देशाचा महालेखापाल झाला, आणि कचेरीचे काम सांभाळून लोकांना विपश्यना शिकवत राहिला. त्यांचे शिष्य सत्यनारायण गोएंका हे व्यापारी. अर्धशिशीने हैराण होऊन ते १९५५ मध्ये त्यांच्याकडे गेले आणि १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले. इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले आहे.

दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे आणि तो हसण्यावारी नेऊ नये. जानेवारी २०१६ मध्ये हैदराबाद विद्यापीठात रोहित वेमुलाने आणि मे २०१९ मध्ये मुंबईत डॉ. पायल तडवीने जीवन संपवले. अशा मुलांना 'दीर्घ श्वास घ्या' असे सांगणे ही क्रूर थट्टा ठरेल. अपमानातून आलेला ताण हा सोसणाऱ्याचा दोष नाही आणि त्यावर प्राणायाम हे उत्तरही नाही. तेथे लेखी तक्रार, कायदा, संघटना आणि पाठीशी उभे राहणारे चार लोक लागतात. वसतिगृहात एकट्या पडलेल्या आपल्या मुलामुलींची विचारपूस करणे हे संस्थेचेच काम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मग साधनेचा उपयोग कोठे? तक्रार लिहिणाऱ्या माणसालाही रात्री झोप लागावी लागते. प्रतीत्यसमुत्पादात वेदनेपुढची कडी तृष्णेची आहे. काही सुखद वा दुःखद जाणवले की मन लगेच हवे-नकोकडे धाव घेते. नियमित साधनेने या दोन कड्यांमध्ये थोडीशी फट पडते. वरिष्ठ टोचून बोलले, छातीत गरम झाले, हे आधी कळते. उत्तर नंतर द्यायचे असते आणि ते नेमके देता येते. व्यक्तिमत्त्व विकास म्हणून शहरांत जे महागडे वर्ग चालतात, त्यांतून हात कसा मिळवावा हे कळेल. पण आपल्या रागाची सुरुवात शरीरात कोठे होते हे तेथे कळत नाही. विद्यार्थ्यांच्या बाबतीत म्हणावे तर, पुस्तक उघडून तासभर दुसरीकडे भटकणारे मन परत आणण्याची सवय ही श्वासाकडे परत येण्याच्या सवयीपेक्षा वेगळी नाही.

दहा बाय दहाच्या खोलीतही एक सतरंजी मावते. सकाळी पोट रिकामे असताना ताडासन, भुजंगासन, पवनमुक्तासन, वक्रासन अशी पाच-सहा साधी आसने, पाच मिनिटे शवासन आणि दहा मिनिटे आनापान एवढे पुरे. रविवारी दोन तास करण्यापेक्षा रोजची पंचवीस मिनिटे अधिक फळ देतात. घरातील भगिनींना पहाटे पाणी, डबे यांतून ही पंचवीस मिनिटे मिळत नाहीत असे दिसते. तेवढा वेळ चहा आणि डबा घरातील पुरुषांनी पाहावा.

रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेचे दुखणे असणाऱ्यांनी शीर्षासनाच्या वाटेला जाऊ नये. गरोदरपणात आणि हर्नियात जाणकाराला विचारूनच आसने करावीत. चालू औषधे मनाने बंद करू नयेत. गंभीर मानसिक आजारावर उपचार चालू असतील तर दहा दिवसांच्या मौन शिबिरास जाण्यापूर्वी डॉक्टरांना आणि शिबिर चालकांना तसे स्पष्ट सांगावे. गोएंकाजींच्या परंपरेतील या शिबिरांना फी नसते. शिबिर पूर्ण केलेल्यांच्या ऐच्छिक दानावर ती चालतात. श्वास कसा पाहावा हे सांगण्यासाठी कोणी हजारो रुपये मागत असेल तर ते पैसे मुलांच्या पुस्तकांसाठी ठेवलेले बरे.