पाठीचे दुखणे आणि विक्रेता नसलेले औषध

कंबरेत उसण भरली की एखादा पायाळू, म्हणजे जन्मताना पायांकडून आलेला माणूस शोधावा आणि त्याचा पाय दुखऱ्या जागी लावून घ्यावा, ही महाराष्ट्रातील जुनी रीत. चार दिवसांत दुखणे ओसरे आणि श्रेय पायाळूच्या पदरात पडे. सुशिक्षित माणूस या रीतीला हसतो. परंतु स्वतःची कंबर धरली म्हणजे तोही पट्टे, मलमे, इंजेक्शने आणि मालीश यांच्या मागे धावतो व गुण आला की शेवटच्या उपचाराला श्रेय देऊन मोकळा होतो. दोहोंच्या मुळाशी वस्तुस्थिती एकच आहे. पाठीचे साधे दुखणे बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांत आपोआपच पुष्कळसे कमी होते. त्या काळात जो जवळ असेल तो धन्वंतरी ठरतो.

अमेरिकेत या दुखण्याभोवती एक स्वतंत्र व्यवसायच उभा राहिला. १८९५ साली आयोवा राज्यातील डॅव्हनपोर्ट येथे डॅनियल डेव्हिड पामर यांनी एका झाडलोट करणाऱ्या माणसाच्या मणक्यावर हाताने दाब दिला आणि त्याला पुन्हा ऐकू येऊ लागले, असा दावा केला. हात व कृती या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून या पद्धतीला कायरोप्रॅक्टिक हे नाव मिळाले. जवळजवळ सर्व रोगांचे मूळ सरकलेल्या मणक्यांत आहे, हा पामर यांचा सिद्धान्त विज्ञानाच्या कसोटीला उतरला नाही. तथापि व्यवसाय टिकला, कारण पाठदुखीचे रोगी त्याच्याकडे येत राहिले. या व्यवसायावर अमेरिकन मेडिकल असोसिएशनने घातलेला बहिष्कार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करणारा होता, असा निर्णय १९८७ साली तेथील संघीय न्यायालयाने दिला. मात्र तो निर्णय बाजारातील स्पर्धेविषयी होता. उपचाराच्या गुणाविषयी नव्हता.

गुणाचा हिशेब अन्यत्र झाला. १९९८ साली सिॲटल येथील एका अभ्यासात पाठदुखीच्या ३२१ रोग्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला कायरोप्रॅक्टिक उपचार मिळाले, दुसऱ्याला भौतिकोपचार, आणि तिसऱ्याच्या हाती केवळ माहितीची एक पुस्तिका देण्यात आली. पहिल्या दोन गटांचा गुण जवळजवळ सारखाच, आणि पुस्तिकेच्या गटापेक्षा अगदी थोडा अधिक निघाला. दोन वर्षांचा सरासरी खर्च मात्र कायरोप्रॅक्टिकसाठी ४२९ डॉलर, भौतिकोपचारासाठी ४३७ डॉलर आणि पुस्तिकेच्या गटासाठी १५३ डॉलर इतका होता. हाताचा उपचार निरर्थक आहे, असा याचा अर्थ नव्हे. औषधांआधी अजमावून पाहण्याजोग्या उपायांत अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१७ साली त्याची गणना केली आहे. परंतु अल्पशा जादा गुणासाठी जवळजवळ तिप्पट किंमत मोजायची काय, हा प्रश्न उरतोच.

मग खरा उपाय कोणता? पूर्वी डॉक्टरही अंथरुणाला खिळून राहण्याचा सल्ला देत. १९८६ साली टेक्सासमधील एका अभ्यासात असे दिसले की सात दिवस पडून राहण्याचा सल्ला मिळालेल्यांपेक्षा दोनच दिवसांचा सल्ला मिळालेल्यांचे कामाचे दिवस ४५ टक्क्यांनी कमी बुडाले. आणि गुणात फरक पडला नाही. १९९५ साली हेलसिंकीच्या नगरपालिका कर्मचाऱ्यांवर याच प्रश्नाचा अभ्यास झाला. तेथे विश्रांती घेणाऱ्यांपेक्षा, इतकेच नव्हे तर पाठीचे खास व्यायाम करणाऱ्यांपेक्षाही, सोसेल तितके रोजचे व्यवहार चालू ठेवणारे लवकर बरे झाले. दुखणे उलटू नये यासाठीही उपाय तसाच साधा आहे. ऑस्ट्रेलियातील ७०१ जणांच्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. चालण्याचा क्रम हळूहळू वाढवीत नेणाऱ्यांच्या गटात दुखणे परतण्यापूर्वीचा मध्यक काळ २०८ दिवसांचा होता. इतरांच्या गटात तो ११२ दिवसांचा होता.

येथे अर्थशास्त्राचा एक साधा नियम आड येतो. ज्या वस्तूला विक्रेता नसतो, तिला जाहिरातही नसते. पट्ट्याला कारखानदार आहे, मलमाला कंपनी आहे, मणक्याच्या दाबालाही शुल्क आहे. चालण्याचे मात्र बिल कोणी फाडीत नाही. म्हणूनच ही जाहिरात करण्याचा भार सार्वजनिक संस्थांनी उचलावा लागतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १९९७ पासून दूरचित्रवाणीवरून तेच केले. पाठ दुखली तरी हिंडते-फिरते राहा, शक्य तितक्या लवकर कामावर या, एवढाच संदेश होता. पाठदुखीच्या भरपाईचे दावे १५ टक्क्यांहून अधिक घटले.

हा सल्ला सरसकट मात्र नाही. पायांतील शक्ती जाणे, जांघेत बधिरता येणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप असणे, वजन घटणे किंवा पडल्यानंतर दुखू लागणे, यांपैकी काहीही असल्यास डॉक्टरांकडे विनाविलंब गेले पाहिजे. ठिसूळ हाडांच्या वृद्धांनी मणक्यावर झटका देणारे उपचार टाळावेत. मानेवरील अशा झटक्यानंतर रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणे विरळ असली तरी नोंदलेली आहेत.

२०२० साली जगात सुमारे ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा अंदाज आहे. टेबलाशी दिवस काढणारा कारकून, वह्यांच्या गठ्ठ्यावर वाकलेला शिक्षक आणि परीक्षेसाठी बैठक मारलेला विद्यार्थी यांना हे दुखणे परके नाही. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पगारातून किंवा घरखर्चातून या दुखण्यापायी महिन्याकाठी काही रक्कम जात असते. पूर्ण विश्रांतीची शिफारस करणारे रजेचे प्रमाणपत्र त्यांच्या हाती सहज पडते. तासातासाने उठून चार पावले टाकण्याची मुभा मात्र किती कचेऱ्या देतात? उपचाराचा खर्च व्यक्तीच्या खिशातून जातो, बुडालेल्या दिवसांचा बोजा समाजावर पडतो. तेव्हा ही मुभा म्हणजे कर्मचाऱ्यावर केलेली मेहेरबानी नसून सर्वांच्याच फायद्याचा व्यवहार आहे, हे कचेऱ्यांच्या आणि शाळांच्या चालकांनी ओळखले पाहिजे.