घरचा जोडदांडा आणि सार्वजनिक रस्ता

ज्याच्या हातात कसब आहे, त्याला बाजारातून तयार वस्तू आणण्यापेक्षा ती स्वतः घडवण्यात अधिक समाधान वाटते. हे समाधान निर्मळ आहे आणि समाजाला उपकारकही आहे. परंतु घरी घडवलेली वस्तू उंबरठा ओलांडून सार्वजनिक रस्त्यावर आली, की तिच्या बऱ्यावाईटाचे वाटेकरी अनोळखी लोकही होतात. मग ती कशी घडवली आणि कोणी तपासली, हे विचारण्याचा अधिकार समाजाला प्राप्त होतो. या अधिकाराची मर्यादा कोठे आखावी, हा प्रश्न ब्रिटनमध्ये एका साध्या लोखंडी दांड्याच्या निमित्ताने उपस्थित झाला. त्याचे तेथे दिले गेलेले उत्तर आपणही विचारात घेण्याजोगे आहे.

मोटरहोम म्हणजे चाकांवरचे घर. झोपण्याची, स्वयंपाकाची सोय असलेल्या या गाडीच्या मागे काही हौशी प्रवासी मोटरसायकलचा किंवा सामानाचा ट्रेलर जोडतात. त्यासाठी गाडीच्या पाठीमागे जो दांडा बसवावा लागतो, तो टोबार. मोटरहोमची मूळ चासी बहुधा एका कारखान्यात तयार होते आणि तिच्यावरील घर दुसऱ्या कारखान्यात चढते. हे घर पुष्कळदा चासीच्या टोकापलीकडे लोंबते. त्यामुळे प्रत्येक नमुन्याला बसेल असा तयार दांडा मिळतोच असे नाही. खास करवून घ्यावा तर खर्च फार. मग वेल्डिंगचे यंत्र बाळगणारा गृहस्थ विचार करतो, की चार चॅनेल आणि दोन पट्ट्या आणून आपणच तो का करू नये?

कायद्याचे उत्तर गाडीच्या जन्मतारखेवर अवलंबून आहे. १ ऑगस्ट १९९८ पासून नोंदल्या गेलेल्या, नमुनामान्यता मिळालेल्या मोटारींना ब्रिटनमध्ये मान्यताप्राप्त टोबारच बसवावा लागतो. मोटरहोमना त्या वेळी ही नमुनामान्यतेची पद्धत लागू नव्हती. ती नव्या मोटरहोमना सरसकट लागू झाली २९ एप्रिल २०१२ पासून. परिणामी २०१० सालच्या गाडीला घरी केलेला दांडा बसवणे निषिद्ध नाही आणि २०१४ सालच्या गाडीला तोच दांडा चालत नाही. वरवर पाहता हे अजब वाटते. परंतु नवा नियम जुन्या गाड्यांवर मागाहून लादू नये, हे तत्त्व त्यामागे आहे.

तथापि जुन्या गाडीच्या मालकाला मोकळे रान मिळाले असे नव्हे. वाहनांची बांधणी व वापर यांसंबंधीचे १९८६ चे नियम सर्वांनाच लागू आहेत, आणि वाहन, त्याचे भाग व त्यावरील भार यांपासून कोणालाही धोका संभवता कामा नये, असा त्यांचा दंडक आहे. विमा कंपनीलाही फेरफार कळवावा लागतो. ‘मनाई नाही’ आणि ‘सुरक्षित आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. पहिले कायद्याचे पुस्तक पाहून करता येते. दुसऱ्यासाठी परीक्षा घ्यावी लागते.

ही परीक्षा कशी असते? ओढणारी गाडी साडेतीन टनांची आणि ट्रेलर दीड टनाचा धरा. दोन्ही वजनांच्या गुणाकाराला त्यांच्या बेरजेने भागून गुरुत्वत्वरणाने गुणले, की जोडणीवरील बलाचे मान निघते. आपल्या उदाहरणात ते सुमारे १०.३ किलोन्यूटन, म्हणजे एक टन वजनाहून किंचित अधिक भरते. त्याच्या साठ टक्के बल दोन्ही दिशांनी, आलटून पालटून वीस लाख वेळा दांड्यावर लावतात आणि कोठे तडा गेला का, ते पाहतात. अंगणात दांड्यावर उभे राहून चार उड्या मारल्याने या परीक्षेची बरोबरी होत नाही. धातू एका धक्क्याने क्वचितच तुटतो. लाखो लहान धक्क्यांनी तो थकतो आणि वेल्डच्या कडेला केसासारखी रेघ उमटते. रंगाखाली ती दिसत नाही.

शिवाय तरफेचा नियम आहेच. दोन आसांमधील अंतर चार मीटर असलेल्या गाडीच्या मागील आसापासून दोन मीटर मागे ट्रेलरचे शंभर किलो वजन टेकले, तर मागील आसावर दीडशे किलो वाढतात आणि पुढील आसावरचे पन्नास किलो कमी होतात. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत हे पन्नास किलो थेट सुकाणूच्या पकडीतून वजा होतात. ट्रेलर सुटला तर धरून ठेवण्यासाठी जी साखळी लावतात, ती त्याच दांड्याला अडकवलेली असेल, तर दांडा उखडताच तीही त्याच्याबरोबर जाते. मागून येणाऱ्या सायकलस्वाराने यातील कोणताही धोका पत्करण्याचे मान्य केलेले नसते.

म्हणून ब्रिटिश कायदा घरच्या कारागिराचा शत्रू आहे असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. त्याच देशात एखाद्या हौशी माणसाला घरी संपूर्ण मोटार बांधता येते. एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी करून त्याला मान्यता देण्याची सरकारी व्यवस्था तेथे आहे. त्या परीक्षेत उत्तीर्ण झालेली घरगुती मोटार रीतसर नोंदली जाते.

आपल्याकडील चित्र काय आहे? मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या आणि नोंदणीपत्रात आलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा फेरफारासाठी, सुटे भाग मागाहून बसवण्यासह, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. ‘जुगाड’ हेदेखील मोटार वाहनच होय आणि त्याला नोंदणी, विमा आदी सर्व बंधने लागू आहेत, असे त्याच न्यायालयाने २०१३ मध्येच सांगितले होते. कायदा इतका स्पष्ट असूनही उसाच्या ट्रॉलीचा हूक आणि पाण्याच्या टँकरचा दांडा गावच्या वेल्डिंगच्या दुकानात डागला जातोच. कारण शेतकऱ्याची निकड खरी असते आणि दुसरा मार्ग त्याच्यासमोर नसतो.

असा मार्ग काढणे अशक्य नाही. इंधन बदलणारे मान्यताप्राप्त संच बसवण्यास आणि अपंग व्यक्तींसाठी गाडीत सोयी करण्यास हाच कायदा वाट देतो. वाहनांच्या चाचण्या घेणाऱ्या प्रमुख संस्थांपैकी पुण्याची ‘एआरएआय’, तेथीलच ‘सीआयआरटी’ आणि अहिल्यानगरची ‘व्हीआरडीई’ या तीन तर महाराष्ट्रातच आहेत. ट्रॅक्टर आणि छोट्या गाड्यांसाठी दांड्यांचे काही प्रमाणित आराखडे त्यांनी तयार करावेत. लोखंडाची जाडी, वेल्डची लांबी, बोल्टचा दर्जा हे सर्व मराठीत छापून गावोगावच्या मिस्त्रींना उपलब्ध करावे. आणि त्याबरहुकूम केलेले काम परिवहन कार्यालयाच्या निरीक्षकाने तपासून नोंदणीपत्रावर चढवावे. यात खर्च फारसा नाही. अडचण आहे ती मनोवृत्तीची. आपण एक तर सरसकट बंदी घालतो किंवा सरसकट डोळेझाक करतो.

मिस्त्रीच्या हातातील कसबाचा अवमान करण्याचे कारण नाही, आणि त्याला परीक्षेतून सूट देण्याचेही नाही. शाळेतल्या मुलाला आपण जे सांगतो तेच त्यालाही सांगता आले पाहिजे: अभ्यास कोठेही कर, परीक्षा मात्र सर्वांची एकच. ती परीक्षा त्याच्या आवाक्यात आणून ठेवणे, हे शासनाचे काम आहे.